मागच्या ओळीपर्यंत

चातुर्मास लागायच्या आधी आमच्याकडे माळा आवरायची पद्धत आहे. पावसाळ्यात जीवजंतू वाढतात, तेव्हा अडगळ कमी असलेली बरी. गेल्या वर्षी असाच माळा आवरताना सागवानी खोक्यातलं एक जड धूड खाली उतरलं. जाळीतून आत पाहिलं तर धुळीनं माखलेल्या काचेच्या पाच बाटल्या, अंगठ्याएवढ्या. भंगारवाला तराजू घेऊन दारातच उभा होता. "ताई, इसमें तांबा निकलेगा," म्हणाला आणि किलोचा भाव सांगितला. मी हो म्हणणार, तेवढ्यात सासूबाई काठी टेकत ओसरीवर आल्या. वय शहाऐंशी. ऐकू कमी येतं, पण तराजूची साखळी वाजली की बरोबर कळतं.

"तो द्यायचा नाही," त्या म्हणाल्या. "त्याच्यामुळे मला पहिल्यांदा ऐकू आलं होतं."

मला वाटलं, वयानं काहीतरी गल्लत होते आहे. तरुणपणी त्यांचे कान चांगले होते, मग "पहिल्यांदा ऐकू आलं" म्हणजे काय? त्या एका वाक्याचा अर्थ शोधता शोधता माझं वर्ष गेलं. गोंदिया झालं, नागपूर झालं, मुंबईला माणूस धाडला, वारासिवनीला स्वतः गेले. इतिहास हा विषय मी बी.ए.ला घेतला होता. पण आपल्या माळ्यावरही इतिहास असतो, हे कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं.

ते धूड म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर. आवाज मोठा करणारं यंत्र. कंपनीचं नव्हे, सासऱ्यांनी गोंदियाच्या एका मिस्त्रीकडून मुद्दाम बनवून घेतलेलं. खोक्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मिस्त्रीनं पेन्सिलीनं सगळी जोडणी काढून ठेवली होती आणि खाली लिहिलं होतं, 1966. त्या आकृतीत पाच गोलांपाशी नावं होती: ईसीसी 83 दोनदा, ईएल 84 दोनदा आणि ईझेड 81 एकदा. त्याच त्या काचेच्या बाटल्या. त्यांना व्हॉल्व्ह म्हणतात. आपल्या आधीच्या पिढीतल्या सगळ्यांना हा शब्द माहीत होता. "रेडिओचा व्हॉल्व्ह गेला" हे वाक्य घरोघरी ऐकू यायचं.

व्हॉल्व्ह म्हणजे झडप. एका बाजूनं जाऊ देणारी, उलट येऊ न देणारी. इंग्लंडमध्ये जॉन अ‍ॅम्ब्रोज फ्लेमिंगनं 1904 साली अशी काचेची झडप केली. आतली हवा काढून टाकलेली काच, तिच्यात तापणारी एक तार आणि समोर धातूची एक पट्टी. पातेल्यातलं पाणी तापलं की वाफ निघते ना, तसे तापलेल्या धातूतून विजेचे कण निघतात आणि पट्टीकडे धावतात. उलट दिशेनं मात्र काही येत नाही, कारण पट्टी थंड असते. दोन वर्षांनी, 1906 मध्ये, अमेरिकेत ली डी फॉरेस्टनं त्या दोघींच्या मध्ये एक बारीक जाळी बसवली आणि खरी गंमत झाली. जाळीवर विजेचा एवढासा चढउतार केला की मोठा प्रवाह तसाच्या तसा चढतो-उतरतो. नळाची तोटी दोन बोटांनी फिरवावी आणि धार अख्खी बदलावी, तसं. माणसाच्या आवाजानं माइकमध्ये उठणारी वीज अगदी क्षीण असते. ती जाळीवर सोडली की पलीकडून त्याच आवाजाची धिप्पाड वीज बाहेर पडते. रेडिओ, बोलपट, लांब पल्ल्याचा टेलिफोन आणि मैदानावरचा कर्णा, सगळ्यांच्या पोटात हीच काचेची बाटली होती.

ही विद्या आमच्या भागात आली ती रेडिओच्या वाटेनं. मुंबईचं केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं, पण आम्हांला जवळचं ते नागपूर. नागपूर आकाशवाणी 16 जुलै 1948 रोजी सुरू झाली. बालाघाट तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होतं आणि नागपूर ही आमची राजधानी. कचेरीचं काम नागपूर, शिक्षण नागपूर, लग्नाचा बस्ता नागपूर. मग 1 नोव्हेंबर 1956 उजाडला. राज्यं नव्यानं आखली गेली, आमची राजधानी भोपाळ झाली आणि चाळीसेक किलोमीटरवरचं गोंदिया दुसऱ्या राज्यात गेलं. मी लग्न होऊन नगरहून इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, आता मराठी सुटली. पण घरात रेडिओ होता आणि त्याची सुई नागपूरवरच असायची. सीमा कागदावर पडली होती, सुईला तिचा पत्ता नव्हता.

तेव्हाचा रेडिओ म्हणजे घरातला पाहुणाच. त्याला विणलेलं झाकण, त्याच्यासाठी भिंतीत फळी. मर्फीच्या जाहिरातीतलं तोंडात बोट घातलेलं बाळ तर देशाचं बाळ झालं होतं. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागायचा. वर्षाला पंधरा रुपये पोस्टात भरायचे आणि त्या छोट्या पुस्तकात तिकिटं डकवून घ्यायची. ही लायसन्सची भानगड 1980 नंतरच्या दशकात सुटली, म्हणून आजच्या मुलींना ती खोटी वाटते. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. अर्धा मिनिट थांबायचं, आतले दिवे तापायचे, मग लांबून कुणीतरी चालत यावं तसा आवाज यायचा. ते थांबणं म्हणजे त्या तारा तापण्याचा वेळ, हे मला आत्ता कळलं.

1952 साली आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. बी. व्ही. केसकर तेव्हा नभोवाणी मंत्री होते. मग लोकांनी सुई रेडिओ सिलोनकडे वळवली. त्याच वर्षी डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. 1957 च्या ऑक्टोबरात विविध भारती आली तेव्हा कुठे गाणी घरी परतली.

आणि ज्या गावांत वीजच नव्हती तिथे? तिथे बॅटरीचे रेडिओ होते. त्यांचे व्हॉल्व्ह वेगळे, कमी विजेवर तापणारे, नावं 'डी'नं सुरू होणारी. सोबत वीटभर वजनाची कोरडी बॅटरी. आता मौज पाहा. त्या बॅटरीच्या पोटात जी काळी भुकटी असते ती मॅंगनीज डायऑक्साइडची. आमच्या भरवेलीची मॅंगनीजची खाण प्रसिद्ध आहे, पण तिथलं खनिज मुख्यतः पोलादाला लागतं. बॅटरीला लागणारं मॅंगनीज निघतं ते आमच्या शेजारी, भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीत. एकाच खनिजाचा हा पट्टा सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेला आहे. खाणीत डोक्यावर टोपली घेऊन खपणाऱ्या बायांच्या हातून गेलेल्या मातीचा आणि रेडिओचा असा संबंध असेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते.

त्या काळी आमच्या समाजाचं प्रवचन एका जुन्या वाड्याच्या लांबट दिवाणखान्यात व्हायचं. पुढे पाट, त्यावर साधूजी किंवा महासतीजी. समोर पुरुष. त्यांच्या मागे वयस्क बायका. त्यांच्या मागे सुना आणि सगळ्यांत शेवटी, थेट दाराशी, लेकुरवाळ्या, कारण मूल रडलं तर चटकन उठून बाहेर जाता यावं. नगरला माझ्या माहेरीही थोड्याफार फरकानं असंच होतं. कुणी दुष्टाव्यानं केलेलं नव्हतं, पण झालं असं की ज्या वयात ऐकायची सगळ्यांत जास्त भूक असते, त्या वयातल्या बायकांना दहा-बारा वर्षं नुसते ओठ हलताना दिसायचे. पुढे हशा पिकला की मागे विचारायचं, "काय म्हणाले?" पुढचीला सांगायला वेळ नसायचा. सासूबाईंचं लग्न अठराव्या वर्षी झालं. पाठोपाठ तीन मुलं. "मी दहा पर्युषणं दाराशी बसून काढली," त्या म्हणाल्या. "पुण्य लागलं असेल, पण अक्षर कानी पडलं नाही."

मग माइक का नव्हता लावत? प्रश्न साधा आहे, उत्तर नाही. आपल्याकडे साधू-साध्वींना सहा कायांच्या जीवांची हिंसा वर्ज्य आहे: पृथ्वी, पाणी, अग्नी, वायू, वनस्पती आणि त्रस. अग्नीचे जीव म्हणजे तेउकाय. आगमांत आकाशातल्या विजेची गणना तेउकायात केलेली आहे. मग तारेतली वीज कशात धरायची? ती सचित्त की अचित्त? 1952 साली राजस्थानात सादडीला स्थानकवासी संप्रदायांचं मोठं संमेलन भरलं आणि श्रमण संघ उभा राहिला. त्यानंतरच्या वर्षांत 'ध्वनिवर्धक यंत्र' हा आपल्या समाजातला चांगलाच तापलेला विषय होता. एक पक्ष म्हणे, आज माइक आला, उद्या पंखा येईल, परवा मोटार येईल, संयमाला दार कुठे लावायचं? दुसरा पक्ष म्हणे, हजार माणूस जमतं, वाणी पोचलीच नाही तर प्रवचनाचा अर्थ काय?

या वादातला एक मुद्दा मला फार आवडला, कारण तो नेमका आमच्या बाटलीपाशी येतो. अग्नीला जळायला हवा लागते, असं विज्ञान म्हणतं. हवा नाही तर ज्वाला नाही. दिव्यावर पातेलं झाकलं की तो विझतो, हे आपल्याला सांगायला कुणी नको. मग ज्या काचेतून हवाच काढून टाकली आहे, तिथे तार लाल झाली तरी ती 'जळते' असं म्हणायचं का? तिथे अग्नीचा जीव कसा राहील? यावर उलट बाजूचं उत्तरही तितकंच नेटकं: तिथे उष्णता आहे, प्रकाश आहे, लक्षणं अग्नीचीच आहेत आणि जिथे शंका आहे तिथे साधूनं न वापरणं हाच मार्ग. या प्रश्नावर साधूंनी आणि विद्वान श्रावकांनी भरपूर लिहिलं आहे. निकाल माझ्यासारखीनं देऊ नये आणि मी देणारही नाही. पण एवढं मनात आलंच, की या वादात सगळे विद्वान पुढच्या ओळीतले होते. दाराशी बसलेल्यांचं मत कुणी विचारलं असेल का?

1966 च्या पावसाळ्यात आमच्या गावाला चातुर्मास मिळाला नाही. साधू-साध्वी नाहीत, म्हणजे पर्युषणात श्रावकांनीच वाचन करायचं. सासऱ्यांना वाचनाची जबाबदारी आली. त्यांचा आवाज मुळात बारीक, तिसऱ्या ओळीपलीकडे जायचा नाही. गृहस्थाला साधूचं व्रत नाही, तेव्हा माइक लावायला हरकत नाही, असं त्यांनी पंचांकडून कबूल करून घेतलं. तयार कंपनीचा अ‍ॅम्प्लिफायर महाग होता. गोंदियाचे मिस्त्री लग्नाकार्याला कर्णे लावायचे आणि रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांनी पत्र्याचा साचा वाकवून घेतला, ट्रान्सफॉर्मर हातानं गुंडाळला आणि खोकं आमच्याच गावच्या सुताराकडून सागवानाचं करवलं.

पर्युषणाचे दिवस आठ आणि अंतगड सूत्राचे वर्गही आठ. रोज एक. आठव्या वर्गात श्रेणिक राजाच्या काली, सुकाली वगैरे दहा राण्यांची कथा आहे. त्यांनी दीक्षा घेतली आणि रत्नावली, कनकावली अशी एकाहून एक कठीण तपं केली. बायकांनी केलेल्या पराक्रमाचा हा वर्ग, आणि तो वाचला जातो संवत्सरीच्या दिवशी, जेव्हा गर्दी सगळ्यांत जास्त आणि दाराशी सगळ्यांत कमी ऐकू येतं.

त्या वर्षी कर्ण्याचं तोंड मिस्त्रीनं मुद्दाम दाराकडे वळवलं होतं. सासूबाईंच्या मांडीवर धाकटा झोपलेला. "राण्यांची नावं एकेक करून आली," त्या सांगत होत्या. "दहाच्या दहा. मला वाटायचं, उपास आपण बायकाच करतो आणि सूत्रात सगळे पुरुषच असतात. त्या दिवशी कळलं."

म्हणजे "पहिल्यांदा ऐकू आलं" ते हे.

यंत्र भंगारात न जाता सुरू झालं पाहिजे, असं मी त्याच रात्री ठरवलं. आमच्या गावातल्या इलेक्ट्रिकल दुकानातल्या मुलानं, तो आयटीआय झालेला आहे, ते उघडून पाहिलं. पहिली ताकीद त्यानं मला दिली: "काकू, बंद केल्यावरही हात लावायचा नाही. आत तीनशे व्होल्ट असतात आणि कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते." कपॅसिटर सगळे वाळले होते. ते नवे मिळतात, बदलले. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत होते. पाच व्हॉल्व्हपैकी ईझेड 81, म्हणजे घरच्या उलटसुलट विजेला एका दिशेनं वळवणारा, चांगला निघाला. एक ईसीसी 83 बरा, दुसरा करकरणारा. आणि ईएल 84 ची जोडी, म्हणजे शेवटी कर्ण्याला ताकद देणारे दोघं भाऊ, दोन्ही गेलेले. त्यातल्या एकाच्या डोक्यावर पांढरा डाग होता. चांगल्या व्हॉल्व्हच्या आत वरच्या बाजूला आरशासारखी रुपेरी चकाकी असते. उरलीसुरली हवा शोषून घेण्यासाठी तो मुलामा दिलेला असतो. काचेला सूक्ष्म तडा जाऊन हवा शिरली की ती चकाकी दुधासारखी पांढरी होते. रुपेरी म्हणजे श्वास कोंडलेला आहे, पांढरं म्हणजे सुटला. एवढं मला ओळखता यायला लागलं आणि मग मीच शोधायला निघाले.

त्या नावांतही एक व्याकरण आहे. पहिलं अक्षर 'ई' म्हणजे आतली तार 6.3 व्होल्टवर तापते. 'सी' म्हणजे एक जाळी असलेला, तो दोनदा आला तर एकाच काचेत दोन. 'एल' म्हणजे ताकदीचा. 'झेड' म्हणजे वीज एका दिशेची करणारा. 'ऐंशी'च्या घरातला आकडा म्हणजे खाली नऊ पिना. ही युरोपची पद्धत. अमेरिकेत त्याच ईसीसी 83 ला 12 एएक्स 7 म्हणतात आणि ईएल 84 ला 6 बीक्यू 5. आमच्या घरात एकाच मुलाचं पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं, तसंच. हे माहीत नसलं तर दुकानदार "नाही" म्हणतो आणि वस्तू त्याच्याच कपाटात असते.

सुरुवातीला हे व्हॉल्व्ह सगळे बाहेरून यायचे. इंग्लंडचे मुलार्ड, हॉलंडचे फिलिप्स, जर्मनीचे टेलिफंकन, अमेरिकेचे आरसीए. 1954 साली सरकारनं बंगलोरला भारत इलेक्ट्रॉनिक्स हा कारखाना काढला, मुख्यतः सैन्याच्या उपकरणांसाठी. तिथे 1961 पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले. निळ्या-पांढऱ्या नव्हे, आता मिळतात ती खोकी पिवळटलेलीच असतात, पण त्यांवरची 'बीईएल' ही अक्षरं पाहून मला उगीच भरून आलं. पाचच वर्षांनी, 1966 मध्ये, आमच्या मिस्त्रीनं तेच वापरले होते. म्हणजे गोंदियाच्या मिस्त्रीला बंगलोरचा माल मिळत होता आणि बालाघाटच्या सुनेला त्यातून अंतगड ऐकू येत होतं. देश उभा राहणं म्हणतात ते असंही असतं.

पण तोवर त्या बाटलीचा मृत्युलेख लिहून झाला होता. 1947 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर तयार झाला. त्याला तापायला नको, काच नको, तीनशे व्होल्ट नकोत. ट्रान्झिस्टर हळूहळू इतका स्वस्त झाला की शेतात बैलाच्या गळ्याजवळ लटकू लागला. भल्याचंच झालं. चुलीपाशी, मागापाशी, रोवणीच्या बांधावर रेडिओ गेला तो त्यामुळेच. व्हॉल्व्ह मात्र कपाटाच्या मागे गेला.

गोंदियाचं ते दुकान आता मोबाइलचं झालं आहे. नातू म्हणाला, "आजोबांचे दोन ड्रम भरून व्हॉल्व्ह होते, काच म्हणून फेकले." नागपूरला सीताबर्डीच्या एका गल्लीत एका वृद्ध दुकानदारानं मी कागद पुढे करताच चष्मा काढला. "बाई, याचं काय करता तुम्ही?" मी सांगितलं. ते उठले, स्टुलावर चढले आणि वरच्या फळीवरून बीईएलचा एक ईसीसी 83 काढून दिला. पैसे घेईनात. "अंतगडाचे म्हणा," म्हणाले. ते जैन नव्हते. मग मीच त्यांच्या नातवंडांसाठी घरचे खाकरे पाठवले.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर माझ्या भाच्यानं दोन दिवस पायपीट केली. एका ठिकाणी 'नवी जोडी' म्हणून ईएल 84 मिळाली. घरी आल्यावर पाहिलं तर पिनांवर ओरखडे, म्हणजे कुठेतरी वर्षानुवर्षं बसलेली. रुपेरी चकाकी कडेनं तपकिरी झालेली. लावल्यावर एकाचा आवाज पुढे, एकाचा मागे. ही दोघं जुळ्यांसारखी सारखीच लागतात, नाहीतर आवाज फाटतो.

तेवढ्यात कुणीतरी वारासिवनीचं घर सांगितलं. कोष्टी समाजातल्या एक आजी, मालक वारलेले, घरात जुना फिलिप्स. गेले. आजींनी चहा विचारला, मी सूर्यास्त जवळ आला म्हणून पाणीच घेतलं. रेडिओ कोनाड्यात होता. एका बाजूला जुना माग, आता बंद. "न्या ना बाई," त्या म्हणाल्या, "पोरं तर फेकाच म्हणते. मालक माग चालवतानी लावत होते. त्याहीच्या पायाचा ठेका अन् गाण्याचा ठेका एकच." मागचं झाकण काढलं. आत ईएल 84 होता, रुपेरी, चकचकीत. मला हवा तोच. पण काढायच्या आधी एकदा लावून पाहू म्हणून मी बटण दाबलं. अर्धा मिनिट काही नाही. मग समोरच्या काचेमागे तो हिरवा डोळा हळूहळू उघडला आणि खरखरीतून कुठल्यातरी स्टेशनाचा आवाज वर आला. आजी उभ्या होत्या त्या खालीच बसल्या. पदर तोंडाला.

मी झाकण परत लावलं. जिवंत यंत्रातला श्वास काढून दुसरं जगवायचं, हे माझ्या हातून झालं नसतं. यंत्राला जीव नसतो, हे मलाही माहीत आहे. आजींना होता.

शेवटी जोडी मिळाली ती नवीच. हे ऐकून तुम्हांलाही नवल वाटेल, पण व्हॉल्व्ह आजही बनतात. गिटार वाजवणारे आणि संगीताचे शौकीन त्यांच्यासाठी जीव टाकतात, म्हणून रशियात, चीनमध्ये आणि स्लोव्हाकियात थोडे कारखाने टिकून आहेत. 2022 मध्ये युक्रेनचं युद्ध पेटलं तेव्हा रशियाचा माल थांबतो की काय, म्हणून जगभर भाव चढले होते. आमची जोडी स्लोव्हाकियाच्या कारखान्यातली, मोजून जुळवलेली, मुलानं मागवून दिली. हे आधीच का केलं नाहीस, असं तो म्हणाला. त्याचं बरोबर होतं. पण मग मला आजी भेटल्या नसत्या आणि सीताबर्डीचे दुकानदारही.

संवत्सरीला आमच्याच ओसरीवर वाचन ठेवलं. महिला मंडळाच्या पंचवीस-तीस जणी होत्या. सासूबाईंनी पहाटे अंधारात सामायिक करून घेतलं. सामायिकात विजेला शिवायचं नाही आणि हे यंत्र ऐकायचं तर त्याआधी सामायिक पाळलं पाहिजे, हा त्यांचा नियम. या वयातही त्यांनी तो वाकवला नाही. मग मी बटण दाबलं. पाचही बाटल्यांत गुंजेएवढे लाल ठिपके उजळले. थांबले. कर्ण्यातून बारीक गुणगुण आली. मी माइकपाशी बसले आणि आठवा वर्ग काढला.

सासूबाईंसाठी मी पहिल्या ओळीत खुर्ची ठेवली होती. वर पाहते तर खुर्ची रिकामी. त्या काठी टेकत मागे गेल्या होत्या, दाराशी. तिथे एक नवी सून तान्हं मूल घेऊन बसली होती. तिच्या शेजारी त्यांनी आपला कटासना पसरला होता.

मी वाचायला लागले. पहिलं नाव आलं, काली. त्यांना ते किती ऐकू गेलं, मला सांगता येणार नाही. पण दुसरं नाव येण्याआधी त्यांचे ओठ हलले, आणि त्या सुनेकडे वळून त्यांनी एक बोट दुमडलं. मग दुसरं. दहा होईपर्यंत त्या मोजत होत्या.